शर्टाला किंमत आठवत नाही

नको असलेला आणि बिलही नसलेला कपडा मराठी घरात शिरतो तो बहुतेक वेळा आहेरातून. दिवाळसणाला सासरहून आलेला शर्ट, डोहाळजेवणातली साडी, मुंजीत बटूच्या मामाला मिळालेलं पँटपीस. देणारा माणूस भिडस्त असतो. किंमत कळू नये म्हणून तो लेबल आठवणीनं फाडतो आणि बिल पिशवीतून काढून घेतो. पुढे पोटावर बटण लागत नाही असं लक्षात आल्यावर नाहूरचा गृहस्थ तो शर्ट घेऊन रिक्षानं मुलुंडच्या बाजारात किंवा एलबीएस मार्गावरच्या एखाद्या मोठ्या दुकानात जातो. काउंटरवरची मुलगी घडीसुद्धा न उलगडता विचारते, "बिल आणलंय का, काका?"

काकांना हा प्रश्न टोचतो. आपल्याला चोर समजतात की काय, असं वाटतं. पण तिला शंका असते ती वेगळीच. शर्ट त्यांच्याच दुकानातला आहे हे तिला कॉलरच्या आतल्या नावावरून दिसतंच. तिला हव्या असतात दोन गोष्टी: हा शर्ट कितीला गेला आणि कधी गेला. या दोन्ही गोष्टी शर्टावर कुठेही लिहिलेल्या नसतात. समजा लेबल शाबूत आहे आणि त्यावर बारकोडही आहे, तरी नसतात.

बारकोडचं हे कोडं मोठं गमतीचं आहे. पट्ट्यांखाली तेरा आकडे असतात. पहिले तीन 890 असले तर उत्पादकानं तो क्रमांक भारतातल्या जीएस-वन संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. कापड कुठे शिवलं याची ती ग्वाही नव्हे. शेवटचा आकडा बाकीच्या बारांचा पहारेकरी. डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम जागांवरचे आकडे आहेत तसे घ्यायचे, सम जागांवरच्यांना तीननं गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची. त्या बेरजेला दहाच्या पटीत न्यायला जो आकडा लागेल तोच तेरावा. घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावर करून बघा, जमतं. यंत्रानं एखादा आकडा चुकीचा वाचला तर तिथल्या तिथे कळतं ते यामुळे.

पण एवढा हुशार क्रमांकसुद्धा त्याच रंगाच्या, त्याच मापाच्या सगळ्या शर्टांवर एकच असतो. 'मी निळा, चाळीस मापाचा, अमुक कंपनीचा' इतकं तो सांगतो. त्या हजारो निळ्या भावंडांतला मी कितवा, हे नाही सांगत. तोच शर्ट गणपतीच्या आधी 1,499 रुपयांना गेलेला असतो आणि जानेवारीच्या सेलमध्ये 749 ला. दुकानानं लेबल बघून पैसे परत द्यायचे ठरवलं तर सेलमध्ये घेऊन नंतर परत करण्याचा एक किफायतशीर धंदाच सुरू होईल. म्हणून अमेरिकेतली बरीच साखळी दुकानं बिल नसेल तर त्या वस्तूची अलीकडची सगळ्यात कमी विक्रीकिंमत धरतात, आणि तीही रोख न देता खरेदीच्या कूपनात देतात. भेटवस्तूंसाठी तिथे वेगळं बिल छापून मिळतं. त्यावर किंमत नसते, पण यंत्राला ती वाचता येते. आपल्या भिडस्त आहेरासाठी याहून सोयीची युक्ती मला तरी सुचत नाही. ती आपल्याकडे रुजली नाही याचंच नवल वाटतं.

यात करही येतो. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी हजार रुपयांवरच्या कपड्याला 12 टक्के जीएसटी होता. त्या दिवसापासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्याला 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के झाला. त्या वर्षी गणपतीला कर सोडून दीड हजाराचा शर्ट घेतला असेल तर ग्राहकानं 1,680 रुपये मोजले. तोच शर्ट दसऱ्याला 1,575 मध्ये. परत करताना दुकानानं कुठली रक्कम द्यायची? 105 रुपयांचा हा फरक दुकानाच्या खिशातला नाहीच, तो सरकारजमा झालेला आहे. परतीच्या मालासाठी दुकानदार जी क्रेडिट नोट काढतो ती जुन्या दरानं काढावी लागते, आणि विक्रीचं आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या 30 नोव्हेंबरपर्यंतच तिच्यातून कर वळता करून घेता येतो. काउंटरवरची मुलगी "बिल?" म्हणते तेव्हा तिच्या पाठीशी एवढं सगळं उभं असतं. बिचारीला ते बोलून दाखवायला वेळ नसतो.

बरं, बिल जपून ठेवलं तरी ते टिकतं का? कपाटात ठेवलेलं बिल सहा महिन्यांनी काढलं आणि कोरा कागद हातात आला, असं किती जणांचं झालं असेल. त्या कागदावर मुळात शाई नसतेच. कागदाच्या अंगावरच रंगहीन रंगद्रव्य आणि एक सौम्य आम्ल यांचा लेप दिलेला असतो. छपाईयंत्राच्या तोंडाशी एका मिलिमीटरमध्ये साधारण आठ या हिशेबानं बारीक तापणारे ठिपके असतात. जिथे ठिपका तापला तिथे लेप वितळतो, आम्ल रंगद्रव्याला भिडतं, रेणूचं बंद कडं उघडतं आणि ते काळं दिसायला लागतं. म्हणजे आपलं बिल छापलेलं नसतं, भाजलेलं असतं. हे कडं पुन्हा मिटूही शकतं. ऊन, तेलाचे हात, प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून झिरपणारी रसायनं हे सगळे त्या कामाला मदत करतात. निगुतीनं प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेलं बिल लवकर पुसट होतं, हा त्यातला सगळ्यात दुष्ट भाग. पुसट झालेल्या बिलावर इस्त्री फिरवू नये, अख्खा कागद काळा होतो. घरी आल्याबरोबर फोनवर फोटो काढून ठेवावा, एवढा साधा उपाय.

कागद विसरला तरी व्यवहाराची आठवण दुसरीकडे कुठेतरी राहिलेली असते. यूपीआयनं पैसे दिले असतील तर फोनमध्ये बारा आकडी संदर्भ क्रमांक सापडतो. त्याची मांडणी बघण्यासारखी आहे. पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, पुढचे तीन त्या वर्षातला कितवा दिवस ते. क्रमांक 5291 नं सुरू होत असेल तर 2025 सालचा 291 वा दिवस, म्हणजे 18 ऑक्टोबर. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. रक्कम आणि वेळ हातात असेल तर दुकानाच्या संगणकातून मूळ बिल शोधून काढणं अवघड नसतं, फक्त कुणीतरी शोधायला तयार हवं. अडचण आहेराचीच उरते: पैसे भरले मावशीनं, तेव्हा क्रमांकही मावशीच्या फोनमध्ये. तिला विचारायचं म्हणजे शर्ट आवडला नाही हे कबूल करायचं.

दुसरी आठवण मोबाइल नंबरची. बिल करताना नंबर मागतात, आणि पुढे तोच सांगितला की सगळी खरेदी पडद्यावर उलगडते. मात्र नंबर दिला नाही म्हणून विक्री अडवू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे 2023 मध्ये दुकानदारांना बजावलं आहे. द्यायचा की नाही हे आपण ठरवायचं.

तिसरी आठवण मला सगळ्यात अद्भुत वाटते, कारण ती कपड्यालाच चिकटलेली असते. झारा किंवा डेकॅथलॉनसारख्या कंपन्यांच्या मालावर पातळ, जाळीदार अँटेना असलेली चिप असते. तिला बॅटरी नसते. वाचणाऱ्या यंत्राच्या रेडिओलहरींवरच ती क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. मुलुंडच्या टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग वाचला जातो तो याच तत्त्वावर. हलक्या गाड्यांना तिथे ऑक्टोबर 2024 पासून टोलमाफी आहे, तरी चिकटपट्टी काचेवर आहेच. कपड्यावरच्या चिपमध्ये 96 बिटांचा क्रमांक मावतो आणि त्यातले 38 बिट निव्वळ अनुक्रमासाठी राखलेले असतात. म्हणजे एकाच निळ्या, चाळीस मापाच्या शर्टाचे 27 हजार कोटींहून जास्त नग काढले तरी प्रत्येकाला स्वतःचा वेगळा क्रमांक मिळेल. बारकोडला जे जमत नव्हतं ते हे: हाच तो शर्ट, अमुक दिवशी अमुक किमतीला गेलेला.

आता कायदा. इथे दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो जुलै 2020 मध्ये लागू झाला, त्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर परतीची मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर तीस दिवस. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे बिलावर छापणंही चुकीचं, असं केंद्र सरकारनं 1999 मध्येच कळवलं होतं. अजून कित्येक बिलांवर ते ठळक अक्षरांत दिसतं. पण शर्टाची शिवण उसवलेली असणं आणि शर्टाचा रंग न आवडणं यांत कायदा फरक करतो. रंग आवडला नाही, माप चुकलं, तर बदलून देणं ही दुकानाची मर्जी किंवा त्यानं स्वतःहून जाहीर केलेला नियम. तिथे भांडून उपयोग नाही, गोड बोलून असतो.

सदोष मालाबद्दल मात्र भांडावं. मुंबईला त्याची जुनी सवय आहे. कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी 1966 मध्ये इथेच सुरू झाली आणि मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये. नाहूर उपनगर जिल्ह्यात, त्यामुळे इथल्या माणसाचा जिल्हा ग्राहक आयोग वांद्रे पूर्वेला. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर फोन करून बघता येतो. पुष्कळदा तेवढ्यानं काम होतं.

हा सगळा प्रकार मॉल आल्यावर सुरू झाला असं वाटत असेल तर कौटिलीय अर्थशास्त्र उघडावं. र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली त्याची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठानं 1960 ते 1965 या काळात तीन भागांत काढली. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात खरेदी-विक्रीनंतर होणाऱ्या पस्ताव्याला चक्क स्वतंत्र प्रकरण आहे. सौदा फिरवण्याची मुदत व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. ज्याला मालाची पारख अधिक त्याला वेळ कमी, असा हिशेब मला त्यात दिसतो. मनुस्मृती सरसकट दहा दिवस देते.

नारदस्मृती तर थेट काउंटरवर येऊन उभी राहते. घेतलेल्या दिवशीच वस्तू जशीच्या तशी परत केली तर पूर्ण किंमत. दुसऱ्या दिवशी तिसावा भाग कापायचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, पुढे वस्तू घेणाऱ्याची. आणि कपड्यांसाठी खास कोष्टक: एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत आठव्या भागानं उतरते, दोनदा धुतल्यास चौथ्या, तीनदा धुतल्यास तिसऱ्या, चारदा धुतल्यास निम्म्यानं. आजच्या 1,600 रुपयांच्या शर्टाला ते लावलं तर पहिल्या धुण्याला 200 रुपये गेले, चौथ्यापर्यंत एकूण 800. मळकं वस्त्र घेतानाच मळकं होतं, तर ते परत करता येत नाही, हेही तिथे बजावलेलं आहे. यात बिलाचं नाव नाही. पुरावा कापडातच: धुण्याचा माग, डाग, विटलेला रंग. तो हातानं आणि डोळ्यानं वाचायचा. मधल्या काळात आपण तो कापडातून काढून कागदावर नेला, आणि आता चिपच्या रूपानं पुन्हा कापडाला चिकटवायला लागलो आहोत.

हातानं वाचणारी माणसं अजून आहेत. दुपारी सोसायटीच्या आवारात डोक्यावर टोपली घेऊन बोहारीण येते, बहुधा वाघरी समाजातली. ती कुणाला बिल विचारत नाही. साडी उजेडापुढे धरते, पदराशी आणि निऱ्यांच्या घडीवर बोटं फिरवते, शर्टाची कॉलर उलटून बघते, पँटच्या गुडघ्याशी आणि बैठकीशी थांबते, चेन वरखाली करते. काही सेकंदांत भाव ठरतो: दोन साड्या आणि हा शर्ट मिळून स्टीलचा एक डबा. "ताई, याला झाकणसुद्धा येत नाही," म्हणत घासाघीस चालते. तिनं नेलेल्या कपड्यांतले बरे निवडून, सांधून, धुऊन, इस्त्री करून जुन्या बाजारात जातात आणि अगदीच गेलेले चिंध्या होऊन गॅरेजांत, कारखान्यांत यंत्रं पुसायला. आहेराचा तो न बसणारा कोरा शर्ट तिला मिळाला तर तिची चंगळच.

तिच्याशी व्यवहार करताना एवढंच लक्षात ठेवायचं की पस्तावा तिथल्या तिथे करावा. दिलेली पैठणी तासाभरानं आठवली आणि धावत खाली गेलं, तर ती एव्हाना भांडुपच्या दिशेनं दोन सोसायट्या पुढे गेलेली असते.