पिकअप वाहनातील सुकाणूस्तंभाचा ढिलेपणा व आवाज

सुकाणूस्तंभ हा वाहनचालकाच्या हातातील चक्राची गती पुढील चाकांच्या यंत्रणेपर्यंत पोहोचवणारा दंड व त्याचे आवरण होय. ‘सुकाणू’ हा शब्द मुळात नौकेचा. व्यवहारात मात्र स्टेअरिंग हाच शब्द रूढ आहे. या स्तंभात झीज झाल्यास चक्र सैल लागते, खटखट आवाज येतो आणि वाहन सरळ रेषेत ठेवण्यासाठी चालकास सतत चक्र हलवावे लागते.

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. भोवतालचा मोर्शी-वरुड परिसर संत्र्यांचा आहे. बागेतील माल पिकअपमध्ये भरून पांदण रस्त्याने बाहेर काढावा लागतो. खड्ड्यांचे हादरे, काळ्या मातीचा चिखल आणि भरलेल्या वाहनाचे चक्र जागच्या जागी वळवण्याची सवय यांमुळे सांधे लवकर झिजतात. स्तंभाच्या खालच्या सांध्याचे रबरी आवरण फाटले की चिखल आत शिरतो व ग्रीस निरुपयोगी होते.

रचना

चक्राखालील दंड वरच्या व खालच्या बेअरिंगमध्ये फिरतो. पुढे मधला दंड असतो. त्याच्या टोकांना मिस्त्री ज्यास ‘क्रॉस’ म्हणतात ते सांधे असतात. तेथून गती स्टेअरिंग बॉक्स किंवा रॅककडे आणि टाय रॉडमार्फत चाकांकडे जाते. ढिलेपणा या साखळीत कोठेही असू शकतो. चक्र सैल आहे म्हणून स्तंभच बदलणे हा घाईचा व खर्चिक निर्णय ठरतो.

निदान

वाहन सपाट जागी, हातब्रेक ओढून व चाके सरळ ठेवून उभे करतात. एकाने चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने वरून खाली एकेक सांधा पाहायचा. ज्या सांध्याची एक बाजू हलते पण दुसरी उशिरा हलते, तोच झिजलेला असतो. बोट सांध्यावर टेकवल्यास डोळ्यांना न दिसणारा धक्काही जाणवतो. स्तंभाचे सर्व सांधे एकाच वेळी हलत असतील, तर दोष पुढे, बॉक्स, रॅक किंवा टाय रॉडच्या टोकात शोधावा लागतो. चक्र वर-खाली ढकलल्यावर हलत असेल, तर बेअरिंग, बुश अथवा स्तंभ बसवणारे बोल्ट तपासतात.

आवाजाचे स्वरूपही उपयोगी पडते. दिशा बदलताना एकच ‘खट’ आवाज येणे हे बहुधा क्रॉस अथवा सरकत्या सांध्याच्या झिजेचे लक्षण असते. चक्राजवळची घासल्यासारखी चरचर अनेकदा केवळ प्लास्टिकच्या आवरणाची असते. चक्र पूर्ण वळवल्यावर घुमणारा आवाज येत असेल, तर तेलावर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगमध्ये प्रथम तेलाची पातळी व पट्टा पाहतात. चक्र स्थिर असताना खड्ड्यात येणारी खडखड मुख्यतः बॉल जॉइंट किंवा निलंबनाच्या बुशची असते.

मर्यादा व दुरुस्ती

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार चक्रावरील मोकळा खेळ ३० अंशांहून अधिक नसावा. ३८ सेंटिमीटर व्यासाच्या चक्रावर हे अंतर कडेला सुमारे १० सेंटिमीटर भरते. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. सुस्थितीतील वाहनात खेळ याहून बराच कमी असतो. पॉवर स्टेअरिंग असल्यास तो इंजिन चालू ठेवून मोजतात.

झिजलेल्या क्रॉसला ग्रीस लावल्यास आवाज काही दिवस थांबतो, ढिलेपणा मात्र तसाच राहतो. हा उपाय धोक्याचा आहे, कारण इशारा देणारा आवाजच नाहीसा होतो. दंडाला वेल्डिंग करणे तर पूर्णतः टाळावे. वितळलेल्या जोडाजवळ पोलाद ठिसूळ होऊन दंड तुटू शकतो. स्टेअरिंग बॉक्सचा स्क्रू गरजेपेक्षा आवळल्यास वळणानंतर चक्र आपोआप परत येत नाही. एअरबॅग असलेल्या वाहनात चक्र काढण्यापूर्वी बॅटरी सोडवून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबावे लागते. सांधा सोडण्याआधी दोन्ही भागांवर खूण करतात, अन्यथा चाके सरळ असताना चक्र तिरके बसते. बोल्ट ठरलेल्या मापानेच आवळायचा असतो. तो निसटल्यास चक्र फिरते, पण चाके वळत नाहीत.