बाल्टिकचा पाहुणा एक की तीन?

जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावर, डार्स-झिंग्स्टच्या उथळ खाडीत १९८५ साली एक अनोळखी किडा सापडला. बोटभर लांबीचा, हिरवट, चिखलात उभं बीळ करून राहणारा. गांडुळाचाच समुद्री भाऊबंद, पण अंगाच्या वळ्यावळ्याला दोन्ही बाजूंनी ताठ केसांचे झुबके. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या ‘मारेन्झेलेरिया व्हिरिडिस’शी तो जुळला, म्हणून तेच नाव त्याला चिकटलं. आला असावा जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून. रिकामं जहाज डळमळू नये म्हणून टाक्यांत भरून घेतात ते पाणी. १९९० मध्ये तो फिनलंडलाही पोचला.

एक गोष्ट मात्र खटकत होती. शेजारच्या उत्तर समुद्रातही ‘व्हिरिडिस’ होता; तो वसंतात अंडी घालायचा, बाल्टिकमधला शरदात. प्रथिनं आणि डीएनए तपासल्यावर नव्वदच्या दशकात उलगडा झाला: हे दोन वेगळे किडे! २००४ मध्ये सिकोर्स्की आणि बिक यांनी बाल्टिकवाल्याचं ‘नेग्लेक्टा’ असं बारसं केलं. २००८ पर्यंत त्याच समुद्रात ‘आर्क्टिया’ ही तिसरी जात निघाली, आणि खरा ‘व्हिरिडिस’सुद्धा.

जाणकार फसले कसे? सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की त्यांची कीव येते. कल्ले किती वळ्यांवर आहेत, डोक्यावरची संवेदनेची पट्टी मागे कुठवर जाते, पोटाकडचे टोपीवाले आकडे कितव्या वळ्यापासून सुरू होतात, एवढ्यावरच निवाडा. त्यातल्या काही खुणा किड्याच्या वाढीबरोबर बदलतात. पिल्लं तर तिन्ही जातींची सारखीच. शिवाय मिलिमीटरभर भोकांच्या चाळणीत गाळ धुताना किडा तुटतो, तोंडाजवळच्या दोन लांब मिश्या गळून पडतात. उरतो डीएनएचा आधार, पण फॉर्मेलिन त्याचीही नासाडी करतं. म्हणून काही नमुने थेट अल्कोहोलमध्ये टाकावे लागतात.

हा नुसता नावांचा काथ्याकूट नाही. हे किडे स्थानिक किड्यांपेक्षा खोल बिळं करतात आणि पाणी आत खेळवतात. त्यामुळे गाळात फॉस्फरस अडकून राहू शकतो. दुसरीकडे, गाडली गेलेली विषारी रसायनंही वर येतात. तिघांची खोली आणि पाणी खेळवण्याची रीत सारखी नाही. त्यामुळे बाल्टिकवरच्या जुन्या निबंधात ‘व्हिरिडिस’ दिसला की त्यातले आकडे उचलण्याआधी नमुना कुठला आणि कोणत्या साली घेतला, हे बघावं लागतं.