हळदीचा व्हिडिओ आणि ४ जीबीची वेस

शहापूर-मुरबाडकडे हळद म्हणजे लग्नाच्या तोडीचा सोहळा. रात्रभर गाणी, नाच आणि सगळं फोर-केमध्ये टिपणारा कॅमेरा. एडिट झालेली ती भलीमोठी फाइल हार्डडिस्कवर टाकायला जावं, तर कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे. डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी असली तरी!

अडतं ते 'फॅट ३२'वर. १९७७ साली मार्क मॅक्डोनाल्ड यांनी लिहिलेल्या 'फॅट'च्या घराण्यातली ही फाइल सिस्टीम. तिच्यात फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटांचीच जागा आहे, म्हणून एक फाइल ४ जीबीपलीकडे जातच नाही. सेकंदाला १०० मेगाबिट दराने घेतलेलं चित्रण पावणेसहा मिनिटांत तिथे पोचतं.

विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत 'फॅट ३२'च्या अख्ख्या डिस्कला ३२ जीबीची मर्यादा घातली ती डेव्ह प्लमर या अभियंत्याने. काम तात्पुरतं होतं. टिकलं पाव शतकाहून जास्त!

आता कामाची गोष्ट. डिस्क न पुसता 'फॅट ३२'ची 'एनटीएफएस' करता येते; विंडोजच्या या फाइल सिस्टीममध्ये ४ जीबीची वेस नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं: कन्व्हर्ट ई: /एफएस:एनटीएफएस. 'ई'च्या जागी आपल्या डिस्कचं अक्षर. थोडी जागा मोकळी हवी, आणि काम संपेपर्यंत केबलला हात लावायचा नाही. ऐन पावसाळ्यात वीज जाते, म्हणून डेस्कटॉपपेक्षा भरल्या बॅटरीचा लॅपटॉप बरा. आणि त्याआधी दुसरी प्रत काढाच. लग्नाचं चित्रण पुन्हा होत नाही.

ही वाट मात्र एकेरी. 'एनटीएफएस'वरून मागे यायला विंडोजमध्ये अशी कमांड नाही. शिवाय मॅक 'एनटीएफएस' डिस्क वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. आणि पुष्कळ गाड्यांचे प्लेयर, स्पीकर फक्त 'फॅट ३२' ओळखतात. गाण्यांचा पेनड्राइव्ह तसाच राहू द्यावा.

विंडोज आणि मॅक दोन्हीकडे लिहायचं तर २००६ची 'एक्सफॅट' उत्तम. ३२ जीबीवरची एसडी कार्डं तिच्यातच येतात. पण विंडोजची कन्व्हर्ट कमांड तिथवर नेत नाही. सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, चार व्हिडिओ मधूनच चालवून बघा, मगच फॉरमॅट.

चुकून क्विक फॉरमॅट झालंच, तर घाबरून त्यावर नवं काही टाकू नका. सातबारा फाटला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. तसा फिरत्या तबकडीच्या डिस्कवर फक्त नोंदींचा तक्ता जातो आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरला बरंच काही सापडतं. एसएसडीवर ती आशा कमी, कारण फॉरमॅटबरोबर ती मोकळे कप्पे खरोखर साफ करू शकते.

जागच्या जागी फाइल सिस्टीम बदलण्याचा अफाट प्रयोग मार्च २०१७चा. आयओएस १०.३ बसवताच कोट्यवधी आयफोन 'एचएफएस प्लस'वरून 'एपीएफएस'वर गेले, फोटो जिथल्या तिथे. आधीच्या अपडेटमध्ये अ‍ॅपलने त्याची गुपचूप रंगीत तालीमही घेतली होती.

फोटोग्राफर मंडळींनी डिस्क बदलून घ्यायचं हे काम तुळशीच्या लग्नाआधी उरकावं. एकदा सराई सुरू झाली की डिस्क रिकामी मिळतच नाही.