रातकिड्याच्या भरवशावरचे ऑर्किड

हिंदी महासागरातील रियुनियन आणि मॉरिशस या दोनच बेटांवर ‘अँग्रेकम कादेटी’ हे ऑर्किड नैसर्गिकरीत्या आढळते. रियुनियनचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेरेझियँ कादे यांचे नाव त्याला दिलेले आहे. ते दमट जंगलात झाडांच्या खोडांवर वाढते, पण आधारवृक्षाचा रस शोषत नाही. पाऊस आणि धुके यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर जगते. त्याची फुले हिरवट पांढरी आणि जाडसर पाकळ्यांची असतात.

या कुळातली मादागास्करची भावंडे लांब मधुनळीसाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या एका जातीची सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची नळी पाहून, तितक्याच लांब सोंडेचा पतंग असलाच पाहिजे, असे डार्विनने १८६२ मध्ये लिहिले होते आणि १९०३ मध्ये अशा पतंगाची नोंद झाली. कादेटीची नळी मात्र आखूड, रुंद तोंडाची. कादेटीच्या दोन जवळच्या जातींचे परागण रियुनियनवरचे चिमुकले पक्षी करतात. साहजिकच इथेही पक्ष्याचीच अपेक्षा होती.

२००८ मध्ये रात्री टिपलेल्या चित्रणात दिसला तो बिनपंखांचा रातकिडा! लांबलचक मिशांनी वाट चाचपत तो पानांवरून फुलापर्यंत चढतो आणि मधासाठी नळीत डोके घालतो. डोक्याचा आकार आणि नळीचे तोंड अगदी जुळते. तो मागे सरतो तेव्हा परागपिंड त्याच्या डोक्याला चिकटलेले असतात, आणि ते पुढच्या फुलात पोहोचतात. रातकिडे आणि टोळ यांच्या गटातील कीटक एरवी झाडे कुरतडण्यासाठीच ओळखले जातात. त्यांच्यापैकी एखादा फुलाचा नियमित परागवाहक असल्याचे प्रथमच निःसंशय दिसून आले. हे संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि विज्ञानाला नवीन असलेल्या या किड्याचे नामकरणही झाले: ‘ग्लोमेरेमस ऑर्किडोफिलस’, म्हणजे ऑर्किडप्रेमी.

हे नाते जितके विलक्षण, तितकेच नाजूक. दोन्ही बेटांवरचे सखल भागातले जंगल प्रामुख्याने उसासाठी तोडले गेले. उरलेल्या रानात बाहेरून आलेला स्ट्रॉबेरी पेरू देशी झाडांची जागा बळकावतो आहे. रियुनियनचा डोंगराळ प्रदेश २००७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, हा मोठाच दिलासा. तरीही ऑर्किडची रोपे काचघरात सांभाळून भागणार नाही. फुले, रातकिडे आणि दोघांना आसरा देणारे ओले रान एकत्रच राखावे लागेल.