ताण्याचे एक चिनी अक्षर

भिवंडीत चिनी रेपियर लूम ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मशीन येते, बसवणारा माणूस चार दिवस राहून निघून जातो आणि मागे उरते चिनी अक्षरांनी भरलेले पॅनेल. धामणकर नाक्याकडे आम्ही असे कारीगर पाहिले आहेत, जे नुसत्या दिव्याच्या रंगावर काम ओढतात. दिवा बिघडला की माग उभा! म्हणून आम्ही ठरवले, सगळी चिनी भाषा राहू द्या, आपल्या धंद्याचे एक अक्षर तरी नीट ओळखावे. ते अक्षर 'चिंग', म्हणजे ताणा.

त्याच्या डावीकडे रेशमी धाग्याची खूण आहे. उजवीकडचा भाग म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या तारांचे चित्र, असे जाणकार मानतात. चीनमध्ये ते आठ रेघांत लिहितात. तैवान आणि हाँगकाँगमध्ये तेरा रेघांचे जुने रूप चालते. बाण्याचे अक्षर 'वेइ'. त्याच्याही डावीकडे तीच धाग्याची खूण असल्याने गफलत होते. ओळखायचे ते उजवीकडून. आठ रेघांच्या ताण्यात खाली इंग्रजी मोठ्या 'आय'सारखी आकृती बसलेली असते, बाण्यात एक उभी रेघ सरळ खाली उतरते.

'थिंग' म्हणजे थांबणे. पॅनेलवर 'चिंगथिंग' आले तर ताण्याची तार तुटून ड्रॉपर पडला. 'वेइथिंग' आले तर बाणा तुटला. गंमत अशी, की विमान प्रवासातही 'चिंगथिंग' हीच दोन अक्षरे दिसतात आणि तेथे अर्थ होतो वाटेतला थांबा! कारण 'चिंग'चा 'मधून जाणे' असाही अर्थ आहे. मोबाईलच्या भाषांतरावर विसंबणाऱ्या बंधूंनी एवढे ध्यानात ठेवावे.

या अक्षराचा पसारा मोठा आहे. व्यापार करणे 'चिंगशांग', मॅनेजर 'चिंगली', अर्थव्यवस्था 'चिंगची'. नकाशावरच्या उभ्या रेषा चिंग, आडव्या वेइ. धर्मग्रंथालाही हेच अक्षर लागते. कुरआन शरीफला तिकडे 'कूलानचिंग' म्हणतात. सोळाव्या शतकात शान्शी प्रांतात हू तंगचौ यांनी मशिदीत दीनी तालीम देण्याची जी पद्धत सुरू केली, तिच्या नावातही 'चिंग' आहे. आपल्याकडे 'सूत्र' म्हणजे धागा आणि शास्त्रवचनही, तसेच हे.

व्यापाऱ्याला मात्र खरी गरज पडते ती क्वालिटीच्या कागदावर. तेथे 'चिंगमी' म्हणजे ताण्याची दाटी आणि 'वेइमी' म्हणजे बाण्याची. हा आकडा पुष्कळदा दहा सेंटिमीटरचा असतो, इंचाचा नव्हे. 236 लिहिले असेल तर आपल्या हिशेबाने इंचाला 60 तार झाली. सौदा करण्यापूर्वी आकड्याला 3.94 ने भागावे. पुढे इंच लिहिलेला असेल तर भागू नये.