बूस्ट आला की टायमिंग मागे का जातं?

स्वीडनच्या साब कंपनीने १९७७ साली ९९ टर्बो लोकांसमोर आणली आणि टर्बो ही रोजच्या वापराच्या गाडीतली गोष्ट झाली. त्या पिढीच्या गाड्यांत ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रिब्युटर ठरवायचा. या गाड्या आजही हौसेने जपल्या जातात, आणि त्यांच्या टायमिंगबद्दलचे गैरसमजही.

गैरसमज : बूस्टमध्ये टायमिंग मागे गेलं, म्हणजे बिघाड.
वस्तुस्थिती : बऱ्याच टर्बो गाड्यांत ते मुद्दामच मागे नेलेलं असतं. टर्बो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो, दाब आणि उष्णता वाढते. अशा वेळी ठिणगी लवकर पडली तर उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं, इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टन फुटू शकतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या डबीतला डायफ्रॅम बूस्टच्या दाबाने आतली प्लेट सरकवतो आणि ठिणगी उशिरा पाडतो.

गैरसमज : मग टायमिंग जितकं मागे, तितकं इंजिन सुरक्षित.
वस्तुस्थिती : फार उशिरा पेटलेलं मिश्रण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडेपर्यंत जळत राहतं. ताकद घटते, आणि ती उष्णता मॅनिफोल्ड व टर्बाइनला सोसावी लागते.

गैरसमज : नॉक सेन्सर आहे, तो टायमिंग सांभाळेल.
वस्तुस्थिती : साबच्या १९८०च्या दशकातल्या एपीसी यंत्रणेत नॉक सेन्सर होता, पण ती ठोका ऐकून बूस्ट कमी करायची, टायमिंगला हात लावत नसे.

गैरसमज : आयडलला खूण जुळली, काम झालं.
वस्तुस्थिती : खरी तपासणी त्यानंतर सुरू होते. डबीचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करायचं आणि टायमिंग लाइट धरून आरपीएम हळूहळू वाढवायचे. खूण पुढे सरकली नाही, तर आतली फिरती वजनं गंजून अडकलेली असतात. गाडी वरच्या वेगात मंद वाटते ती त्यामुळे.

मग हातपंपाने डबीत मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत दाब भरायचा. काटा घसरला, तर डायफ्रॅम फाटलेला. काटा टिकला पण खूण जागची हलली नाही, तर प्लेट जाम झालेली. दोन्ही ठीक असूनही बूस्टमध्ये ठोका येत असेल, तर मॅनिफोल्डपासून डबीपर्यंतचा रबरी पाइप बोटांनी वाकवून पाहावा. जुन्या रबराच्या बारीक भेगा वाकवल्यावरच उघड्या पडतात.