प्लेझर म्हणजे नुसतं सुख नव्हे

शिरूर अनंतपाळच्या पोरांना इंग्रजी पहिलीपासून आहे; राज्यभरच २००० सालापासून तसं आहे. तरी 'प्लीज', 'प्लेझर' हे रोज कानावर पडणारे शब्द आपल्याला अर्धेच कळलेले असतात.

गैरसमज : प्लेझर म्हणजे आनंद, सुख. बस्स.

वस्तुस्थिती : त्याचा दुसरा अर्थ मर्जी. राज्यघटनेच्या १५६व्या कलमानुसार राज्यपाल राष्ट्रपतींचं 'प्लेझर' असेपर्यंत पदावर राहतात. इथे आनंदाचा संबंध नाही. ३१०व्या कलमात सरकारी नोकरांसाठीही हाच शब्द आहे, आणि पुढचंच ३११वं कलम, एरवी चौकशीशिवाय कुणाला बडतर्फ करता येणार नाही असं सांगून त्या मर्जीला लगाम घालतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता, कारभार उर्दूत चाले. मर्जी म्हणजे काय, हे तेव्हाच्या माणसाला समजावून सांगावं लागलं नसतं.

गैरसमज : 'प्लीज' म्हटलं नाही तर माणूस उद्धट.

वस्तुस्थिती : इंग्रजीत ते बऱ्याच अंशी खरं, मराठीत नाही. 'प्लीज' हे 'इफ इट प्लीज यू' याचं आखूड रूप. म्हणजे पुन्हा तेच, तुमची मर्जी असेल तर. इंग्रजीत लहानथोर सगळे एका 'यू'मध्ये, त्यामुळे आदरासाठी वेगळा शब्द लागतो. आपल्याकडे तो क्रियापदातच असतो : दे, द्या, द्याल का, द्यावे. 'काकू, जरा पाणी देता का?' यात काय कमी आहे? 'कृपया' पाटीवर आणि अर्जात शोभतो, ओसरीवर नाही. अडचण उलट बाजूने येते. आपलं पोरगं 'पाणी द्या'चं 'गिव्ह मी वॉटर' करतं, तेव्हा 'द्या'मधला आदर वाटेतच गळतो आणि ऐकणाऱ्याला हुकूम ऐकू येतो. त्याला उद्धट ठरवू नये. 'प्लीज' कुठली जागा भरून काढतं, ते सांगावं.

गैरसमज : एन्टरटेन म्हणजे फक्त करमणूक करणे.

वस्तुस्थिती : मुदतीनंतरचा अर्ज 'एन्टरटेन' होणार नाही, म्हणजे तो विचारात घेतला जाणार नाही.

राहिलं उत्तरादाखल बोलायचं. कुणी काम सांगितलं तर 'विथ प्लेझर', काम झाल्यावर आभार मानले तर 'माय प्लेझर'. आणि स्वतःला आनंद झाला तर 'आय ॲम प्लीज्ड'. 'प्लेझंट' हवा असते, सहवास असतो, किंवा माणसाचा स्वभाव.